बर्फाचं वजन

सप्टेंबरात गेलं तर कोळसा स्वस्त,
हे आमच्या गावात शाळकरी पोरांनाही ठाऊक.
पण सप्टेंबरात पैसा कुणाकडे असतो?
मेंढ्या कुरणांवरून उतरतात ऑक्टोबरात,
विकल्या जातात त्याही नंतर,
आणि तोवर नारिनच्या रस्त्यावर
पहिला बर्फ पडून त्याचा चिखलही झालेला असतो.

तीन घरांचे पैसे माझ्या रुमालात:
बुरुलकानचे, जुमाकादिर म्हाताऱ्याचे, माझे.
तेमिरकुल कामाझचं भाडं घेतो फेरीचं,
टनाचं नाही. म्हणून तिघांत एक फेरी.
मी सोबत निघाले, कारण गेल्या वर्षी
दलालाने दारात आणून ओतलं त्यात
निम्मे दगड होते.
शेगडीत तडतडले, तापले नाहीत.
जुमाकादिर त्यातला एक अजून
दाराला अडण म्हणून लावतो,
म्हणतो, इतका महाग दगड फेकू कसा?

खाणीच्या तोंडाशी दोन रात्री.
आमच्या पुढे एकेचाळीस गाड्या.
ड्रायव्हर पत्ते खेळत होते,
एक मुलगी पोटाशी डबा धरून सामसे विकत होती,
बोटं काळी, सामसेही थोडे काळे. मी दोन खाल्ले.
कोळसा उगाळावा तितका काळाच म्हणतात.
इथे उगाळायला वेळ कुणाला आहे,
इथे मोजतात.

काट्यावर आधी रिकामी गाडी, मग भरलेली.
मधल्या तासाभरात आभाळ फाटलं.
मी म्हटलं, वरचा बर्फ झाडून मग मोज.
काट्यावरचा पोरगा हसला:
मापात पाप नाही, मावशी,
वरून पडतंय, मी काय करू?
पावतीवर बर्फासाठी वेगळा रकाना नव्हता.
तो आम्ही कोळशाच्या भावाने घेतला,
आणि वाटेत उन्हं आली तेव्हा
आमचे पैसे फळ्यांच्या फटींतून ठिबकत
रस्ताभर सांडत गेले.

खिंडीच्या चढावर गाडी मागे सरकू लागली.
तेमिरकुलने चाकाखाली आधी दगड घातला,
मग स्वतःचा कोट,
मग म्हणाला, उतरवावा लागेल थोडा.
झाकायला आणलेली पोती भरली आम्ही,
बावीस.
कठड्याला टेकवून ओळीने उभी केली,
अंधारात ती पोती
बसची वाट बघणाऱ्या माणसांसारखी दिसत होती.
मी त्यांच्याकडे बघत बघत खाली आले.

दुसऱ्या दिवशी परत गेलो. एकवीस.
तेमिरकुलने शिवी दिली, पुन्हा मोजली, पुन्हा दिली.
मी खाली बघत होते.
ओढ्यापलीकडे मेंढपाळाचं घर,
ज्याच्या धुराड्यातून काल काहीच निघत नव्हतं,
आता काळपट, जाड, ओल्या कोळशाचा धूर.
शेणींचा धूर पिवळट असतो, हलका,
तो आम्ही झोपेतही ओळखतो.
हा माझ्या ओळखीचा होता.
दोरीवर लंगोट वाळत होते, पाच की सहा,
गारठून पत्र्यासारखे ताठ.
चल, म्हटलं, एकवीसच होती, माझंच मोजताना चुकलं.
त्याने माझ्याकडे नीट पाहिलं,
आणि गाडी सुरू केली.

तीन दारांत तीन ढीग लागले.
प्रत्येकाला सात पोती, असा हिशेब मी सांगितला,
तो बरोबरही आला;
उरलेलं एक कुठे जायचं होतं,
हे बुरुलकानने विचारलं नाही.
ती आयुष्यभर दुकानात बसली आहे,
बावीसला तीनने भाग जात नाही हे तिला कळतं.

आता चुरा आणि शेण मळून गोळे थापते आहे अंगणात.
मोठे डले जानेवारीसाठी,
गोळे त्याआधी,
मार्चसाठी जे उरेल ते.
मार्च म्हणजे वसंत, हे कॅलेंडर छापणाऱ्यांचं मत.